एकवीस मैदानं आणि एक टोपी

३ जानेवारी
१. स्थळनिवड समितीची पहिली बैठक झाली.
२. आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेसाठी एकवीस शहरांतून सहा निवडायची आहेत.
३. मैदानांना गुण द्यायचं काम माझ्याकडे आलं. समितीत इंजिनिअर मी एकटीच.
४. यादीत आमचं गाव आहे.
५. माझ्यावर काही परिणाम झाला नाही.
६. चहा सांडला. कप निसरडा होता.

नोंदीसाठी: तिथल्या मैदानाचं गवत सव्वीस वर्षं बाबा सांभाळतात. ३१ मार्चला निवृत्त होतील. त्या गवतावर बाहेरचा एकही संघ आजवर खेळलेला नाही. या माहितीचा कामाशी संबंध नाही, म्हणून ती सांगून समितीचा वेळ घेतला नाही.

संकल्प: पूर्ण तटस्थता.

९ जानेवारी
तक्ता तयार. चाळीस निकष. आमचं गाव एकोणिसावं.
तक्त्यात चूक असणार.

१० जानेवारी
चूक सापडली. पाण्याच्या निचऱ्याला शंभरात फक्त चार गुण होते. वीस केले. हॉटेलांचे तेवढेच कमी केले. माणूस कुठेही झोपू शकतो, पण डबक्यात पेनल्टी मारू शकत नाही. आमचं गाव नववं.

१३ जानेवारी, दुपार
गवताची घनता हा निकष राहूनच गेला होता. घातला. आमचं गाव पाचवं. योगायोग.

शेजारच्या टेबलावरचा आर्किटेक्ट तक्ता बघून म्हणाला की आता एवढंच घाल, गवत कापणाऱ्याची मुलगी इंजिनिअर आहे का. त्याला कसं कळलं ते समजत नाही. टेबलावर बाबांचा फोटो आहे, पण त्यात ते रोलरच्या मागे अर्धे झाकलेले आहेत.
सुचवलेला निकष तपासला. एकाच शहराला गुण मिळतात. वापरता येणार नाही.

२२ जानेवारी
चौदा मैदानं पाहून झाली. सगळीकडे एक गोष्ट खटकली. गोलकीपर उघड्या डोक्याने उभे असतात. आमच्याकडे लहानपणापासून पाहते आहे, टोपी डोळ्यांवर ओढल्याशिवाय कोणी गोलमध्ये पाऊल ठेवत नाही. शिस्तीचे दोन-दोन गुण सगळ्यांचे कापले.
आमचं गाव तिसरं.

१ फेब्रुवारी
समिती आठ तारखेला आमच्या मैदानाची पाहणी करणार. वेळ मी ठरवली: संध्याकाळी पाच. सामनेही पाचलाच सुरू होणार आहेत. शिवाय तिरप्या उजेडात गवत फार छान दिसतं. हे तांत्रिक निरीक्षण आहे.

बाबांचा फोन आला. जेवलीस का, असं विचारून झाल्यावर म्हणाले, त्यांना बाराला आण, पाचला नको. का, ते विचारलं नाही. बाबांना गवतातलं कळतं, नियोजनातलं नाही. त्यांना तसं समजावून सांगितलं. ते बरं म्हणाले. मागून आईचा आवाज आला की तिला काही सांगायला जाऊ नका, ती शिकलेली आहे.
आईने बाजू घेतली.

८ फेब्रुवारी
१. समिती ४.५० ला पोचली.
२. बाबांनी नवीन शर्ट घातला होता. गवत अप्रतिम होतं. अध्यक्षांनी वाकून हात फिरवला आणि हे खरं गवत आहे का, असं विचारलं.
३. अध्यक्ष तरुणपणी गोलकीपर होते. ते हौसेने पूर्वेच्या गोलमध्ये, पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिले.
४. आर्किटेक्टने हलकेच चेंडू मारला.
५. अध्यक्षांना चेंडू दिसला नाही. नाकाला लागल्यावर कळला.

आमचं मैदान पूर्व-पश्चिम आहे. बाकीची वीस उत्तर-दक्षिण आहेत, आणि ती तशीच बांधायची असतात, हे आर्किटेक्टने मला गाडीत फार सौम्यपणे सांगितलं. चाळीसच काय, एक्केचाळीस निकषांतही दिशा नव्हती. मैदानाला दिशा असते हेच माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटायचं, टोपी गणवेशातच येते.

अध्यक्षांनी नाक धरून विचारलं, "सूर्य इथे रोज असाच समोर येतो?"
बाबा म्हणाले, "रोज, साहेब. सुट्टी घेत नाही."
मग त्यांनी स्वतःची टोपी काढून अध्यक्षांच्या डोक्यावर ठेवली. अध्यक्ष हसले. पुढचे चार चेंडू त्यांनी अडवले.
चित्र आशादायक आहे.

१० फेब्रुवारी
मैदान नव्वद अंशांनी फिरवता येईल. फक्त चोवीस मीटर जागा कमी पडते. तिथे शाळा आहे. मी तिथेच शिकले. ती हलवायला माझी भावनिक अडचण नाही.

११ फेब्रुवारी
आर्किटेक्टने विचारलं, शाळा कुठे हलवणार. म्हटलं, तो स्थापत्याचा प्रश्न आहे.

१३ फेब्रुवारी
पर्याय: सामना ढगाळ दिवशी ठेवायचा. शक्यता बावीस टक्के. म्हणजे नगण्य नाही.

२० फेब्रुवारी
निकाल लागला. अध्यक्षांनी मूळ चाळीस निकष परत आणले आणि दिशा जोडली. आमचं गाव एकविसावं. निचऱ्यात पहिलं.

बाबांना फोन केला. जेवलीस का, म्हणाले. मग म्हणाले, "अगं, तू मैदानावर यायचीस, पण रोलरवर बसून, मावळतीकडे पाठ करून गणितं सोडवायचीस. तुला कसा दिसणार सूर्य?"
मी म्हटलं की मला काही वाटलेलं नाही. ते म्हणाले, मला वाटलं गं थोडं.
फोन ठेवल्यावर बराच वेळ काम झालं नाही. नेटवर्क संथ होतं.

२१ फेब्रुवारी
अध्यक्षांना पाठवलेल्या पत्राची प्रत:

"महोदय, आमच्या गावचं मैदान सामन्यांसाठी योग्य नाही, हे मान्य आहे. मार्चमध्ये पाहुणे संघ मैदानं पारखायला येणार आहेत. त्यांपैकी एका संघाला तिथे एक दिवस सराव द्यावा, ही विनंती. वेळ अकरा ते दोन, सूर्य डोक्यावर असताना. टोप्या मैदानातर्फे मिळतील. चौदा आहेत, तुमच्याकडे राहिलेली धरून पंधरा. त्या मैदानाची देखभाल करणारे गृहस्थ माझे वडील आहेत. हे ३ जानेवारीलाच सांगायला हवं होतं. माझा तक्ता दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यावा. सरावासाठी गवत आधीपासून ठराविक उंचीवर ठेवावं लागतं, तरी होकार किंवा नकार कृपया शुक्रवार, २८ फेब्रुवारीपर्यंत कळवावा."