मोगऱ्याच्या मुळांतले केस

सांगली, रविवार संध्याकाळ

मोगऱ्याची कुंडी आज बदलली. मुळांनी जुनी कुंडी गच्च भरली होती, पाणी वरच तुंबायचं. नलू गेल्यापासून मी टाळत होतो. आज तिची धाकटी बहीण सुमन कवठे महांकाळहून आली आणि तिने कुंडी सरळ आडवी केली.

मातीचा गड्डा बाहेर आला. मुळांत केस. लांब, काळे. विंचरताना निघालेला गुंता नलू रोज बोटाला गुंडाळून कुंडीत खुपसायची, हे मला माहीत होतं. पण केस इतके टिकतात? मुळं त्यांतूनच गेली होती.

सुमनने कात्री पुढे केली. "आवं दाजी, कापा की. मुळ्या छाटल्याबिगर नव्या फुटत न्हाईत. झाड मारताय व्हय?"

मला कापवेना. तिनेच कापलं. मुळांसकट निघालेले केस नव्या कुंडीच्या तळाशी ठेवले, वर माती लोटली.

काळे होते, थोडे पांढरेही होते. पण केमोत मूठमूठ गळले, ते कुठेच दिसले नाहीत, असं मी सुमनला म्हणालो. मी तर रोज घरात होतो.

"ते माझ्याकडं द्यायची," सुमन म्हणाली. "औषधाचं केस मोगऱ्याला बाधतील म्हणायची. तुमाला दावायचं नव्हतं. मी आमच्या बांधावर पुरलं, बाभळीखाली."

रोज घरात होतो मी.

चहा झाल्यावर विचारलं, तिथे काही उगवलं का.

"बाभळीखाली काय उगवतंय, दाजी?"

तरी जाऊन बघायचं आहे.