लाल शाईतलं ‘नको’

३ नोव्हेंबर, सोमवार

सुश्रुतने दवाखान्यात कॉम्प्युटर आणून बसवला. एमडी होऊन आल्यापासून चिरंजीवांना आमच्याकडे कुठेच ‘सेफ्टी’ दिसत नाही. बेचाळीस वर्षं कोपरगावात प्रॅक्टिस केली, एकाची तक्रार नाही. माझा कॉम्प्युटर इथे आहे असं म्हणून मी डोक्यावर बोट ठेवलं. तो वाकून वायर जोडत राहिला. पटलं असावं.

माझी पद्धत सोपी. एका घराचं एक कार्ड, कर्त्या माणसाच्या नावाने. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे त्यातच. कोणाला एखादं औषध सोसत नसेल तर कोपऱ्यात लाल शाईत ‘अमुक नको’. सुश्रुतने विचारलं, कोणाला नको ते का नाही लिहिलं? अरे, ते मला माहीत असतं!

५ नोव्हेंबर

इमर्जन्सी ट्रे आला. ॲड्रेनालिन, सुया, ऑक्सिजनचं छोटं सिलिंडर. टेबलाशेजारीच मांडला. श्रीमंतला (आमचा कंपाउंडर, एकोणीस वर्षं जुना) सांगितलं, वर रुमाल टाक, पेशंट घाबरतात. त्याने टाकला. सुश्रुतने काढला. मी परत टाकायला लावला. उद्या बघू कोण जिंकतं ते.

७ नोव्हेंबर

गोजरबाईंचं बीपी आज दोनदा घेतलं, तासाभराच्या अंतराने. दुसऱ्या वेळी त्या औषध घ्यायला थांबल्या होत्या, मी पुन्हा आत बोलावलं. बिचाऱ्या मुकाट्याने आल्या, दंड पुढे केला. सुश्रुतने खूण करून विचारलं, हे काय? सांगितलं, रीडिंग दोनदा घ्यावं. पुस्तकात आहे. (आहे ना?)

उद्यापासून सकाळी पाच बदाम.

११ नोव्हेंबर

श्रीमंतला दोनदा वैजनाथ म्हणून हाक मारली. वैजनाथ म्हणजे त्याच्या आधीचा कंपाउंडर, सोडून गेला त्यालाही एकोणीस वर्षं झाली. श्रीमंत दोन्ही वेळा लगेच ‘जी साहेब’ म्हणाला. म्हणजे त्याची काही हरकत नाही.

येताना बदाम आणले. लीनाने (आमची सौ., श्रीमंतच्या ‘वहिनी’) फडताळ उघडून दाखवलं, तिथे आधीच तीन पाकिटं. तिन्ही न फोडलेली. म्हटलं, स्वस्त मिळाले म्हणून घेतले. ती हसली नाही. हल्ली ती माझ्या विनोदांना हसत नाही, वय झालं तिचं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

नीट लिहून ठेवलं पाहिजे.

अकराच्या सुमारास भीमाबाई सुनेला घेऊन आल्या. सून आरती. उसाच्या खुरपणीने कंबर धरलेली, उभं राहवेना. कार्ड भीमाबाईंच्या नवऱ्याच्या नावाचं, गोरक्षच्या. कोपऱ्यात लाल शाईत ‘डायक्लो नको’. मी कार्ड वाचलं. वाचलं नाही असं कोणी म्हणू नये. गोरक्षला सोसत नसणार, आणि तो बिचारा तीन वर्षांपूर्वी गेला. हे मी मनाशी अगदी स्पष्ट म्हटलं. डायक्लोचं इंजेक्शन भरलं आणि दिलं.

दोन मिनिटांत आरतीचे ओठ सुजले. मग श्वास लागला. मग ती स्टुलावरून खालीच गेली.

सुश्रुत धावत आला. ट्रेवरचा रुमाल त्याने फेकला. मांडीत ॲड्रेनालिन, मग ऑक्सिजन. मी हातात रिकामी सिरिंज घेऊन उभा. श्रीमंतने ती हळूच काढून घेतली.

ॲम्ब्युलन्सने तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

रात्री ८. सुश्रुतचा फोन. धोका टळला. उद्या सोडतील.

रिॲक्शन कोणालाही येऊ शकते. कितीही मोठ्या डॉक्टरच्या हातून. बॅचही खराब असू शकते. बॅच नंबर बघायला सांगितलं पाहिजे.

१५ नोव्हेंबर

बॅच चांगली आहे.

सुश्रुत ओरडला असता तर बरं झालं असतं. चहा पुढे ठेवतो, बाबा गार होतोय म्हणतो.

संध्याकाळी भीमाबाई आल्या. मी उठून उभा राहिलो. वाटलं, बोलतील, बोलायलाच हवं. त्या उलट माझीच समजूत घालायला लागल्या. “साहेब, मनाला लावून घेऊ नका. चूक आमचीच हाय. तिला ते इंजेक्शन सोसत न्हाई, मला ठावं हुतं. तुमीच तर लिव्हलं हुतं, ती लगीन होऊन आल्ती तवा. पन तुमी सुई भरली तवा म्हनलं, साहेबांना समदं ठावं असतं. आपन कसं बोलावं?”

बेचाळीस वर्षांत मला मिळालेलं सगळ्यात मोठं सर्टिफिकेट. ते ऐकून मी आत जाऊन नळ सोडला आणि रडलो.

१७ नोव्हेंबर

रडून भागणार नाही. सिस्टीम सुधारायची. लाल शाईची सगळी कार्डं काढायची आणि प्रत्येक ‘नको’पुढे नाव घालायचं. श्रीमंतने मोजली, दोनशे अकरा. दोन दिवसांचं काम. सुश्रुत म्हणाला, बाबा, आपण पेशंटनाच विचारू. म्हटलं, विचारायचं कशाला? माझेच पेशंट आहेत. हे झालं की त्याला कळेल, पद्धत चुकीची नव्हती, फक्त एक शब्द कमी होता.

तोवर इंजेक्शन सुश्रुत देणार. तात्पुरतं.

१८ नोव्हेंबर

नऊ कार्डं झाली. खोलीत उजेड कमी आहे.

२० नोव्हेंबर

टेबलावर नवीन दिवा. सव्वीस झाली. त्यातल्या चौदा घरी श्रीमंतने फोन करून खात्री केली. (मी सांगितलं नव्हतं.) पाच बरोबर निघाली. नऊ चूक.

एका घरी मी मुलाचं नाव घातलं होतं. त्या घरात मुलगाच नाही, तीन मुली आहेत. तिन्ही माझ्याच हातून जन्मलेल्या, असं त्यांची आई फोनवर मोठ्या कौतुकाने सांगत होती.

उद्या लवकर उठून, डोकं ताजं असताना बसेन.

२२ नोव्हेंबर, शनिवार

गठ्ठ्याच्या तळाशी कार्ड नंबर एक. दवाखाना उघडला त्या दिवशीचं. आमच्याच घराचं. माझं नाव, लीनाचं, खाली सुश्रुतचं जन्मवजन. कोपऱ्यात लाल शाईत ‘सल्फा नको’. खाली दोन रेघा मारलेल्या, पेन इतकं दाबलेलं की कागद फाटलाय. अक्षर माझं.

तासभर बघत बसलो. सुश्रुतचं असेल. लहानपणी त्याला पुरळ यायचं. की माझं?

शेवटी वर जाऊन लीनाला विचारलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, माझं. अठ्ठ्याऐंशी साली तुम्हीच गोळी दिली होती. अंगाची सालं निघाली. नाशिकला अठरा दिवस होते. तुम्ही रोज उशाशी बसून रडायचात, माझ्या हातून झालं, माझ्या हातून झालं म्हणून. त्यानंतरच तर लाल पेन आणलंत.

म्हटलं, हो हो, आठवलं.

आठवलं नाही. अठरा दिवसांतला एकही दिवस नाही. नाशिकची खोली नाही, ती पडलेली दिसत नाही. तिला कळलंच असणार. ती उठली, ओल्या हाताने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि ‘सल्फा नको’पुढे स्वतःच लिहिलं: लीना. मग पेन टोपण लावून माझ्या खिशात परत ठेवलं.

तिला इतकं एकटीला आठवत बसावं लागतंय.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी दहा. बाहेरच्या बाकावर, रांगेत. माझ्या पुढे चौघं. एकाने उठून जागा दिली, साहेब आत चला म्हणाला. नको म्हटलं.

नंबर आला. श्रीमंतने नवीन कार्ड काढलं. आता एका माणसाला एक. नाव त्याने न विचारता लिहिलं, वय विचारून लिहिलं. मग मान वर न करता हळूच म्हणाला, “साहेब, कोन्तं औषध सोसत न्हाई का? समद्यांनाच इचारावं लागतं आता.”

म्हटलं, वहिनींना विचार.