तिकीट काढून पाहिलेलं आपलं गाव

प्रिय श्याओमान,

फोनवर तू मला एक वाक्य धड पूर्ण करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. पत्राला ‘आई, पुरे आता’ म्हणता येत नाही.

काकांनी तुला तिकडे नान्निंगला काय काय कळवलं असेल, याचा मला अंदाज आहे. त्यातलं बरंचसं खरंच आहे. बाजाराच्या दिवशी, भर सकाळी, तू दिलेला लाल कोट घालून मी लाओ मोंबरोबर, म्हणजे तुझ्या मोकाकांबरोबर, मोठ्या रस्त्याने धक्क्यापर्यंत चालत गेले आणि गाव बघून आले. आपलंच गाव. इतकी वर्षं त्या धक्क्यावर शेवयांचे वाडगे भरले, पपनसं सोलून विकली, बाहेरून आलेल्यांना ‘वीसच्या नोटेवर छापलेला डोंगर ना, तो काय, इथे उभे राहा’ म्हणून सांगितलं. पण नावेत बसून तो डोंगर स्वतः कधी पाहिला नव्हता. गुहेतही रंगीत दिवे लागल्यापासून पाऊल ठेवलं नव्हतं. आमच्या लहानपणी तिथे म्हशी बांधायचे.

हे काही मला अचानक सुचलं नाही. त्याआधी काका घरी आले होते. चहा पुढे ठेवला, तर त्याला हात न लावता म्हणाले, “वहिनी, मो तुमच्याकडे मागच्या दाराने येतो. लोक बघतात.”

मी म्हटलं, “मागचं दार बघायचं म्हणजे बिचाऱ्यांना मान वाकडी करावी लागत असेल. पुढच्या दाराने यायला सांगते.”

“थट्टा नाही ही. माझ्या भावाचं घर आहे हे.”

“तुमच्या भावाला आठ वर्षं मी एकटीने या कुशीवरून त्या कुशीवर वळवलं, भाऊजी. तेव्हा या घराचा रस्ता तुम्हाला सापडत नव्हता.”

चहा तसाच टाकून गेले. मी तो ओतून दिला आणि त्याच संध्याकाळी लाओ मोंना म्हटलं, आपण तिकीट काढून गाव बघायला जायचं. ते घाबरले. त्यांचा तराफा धक्क्यावरच्या ज्या रांगेत लागतो, ती तुझ्या काकांच्या हातात, कुणाला गिऱ्हाईक द्यायचं ते तेच ठरवणार. “मागच्या गल्लीने जाऊ या का?” म्हणाले. मी म्हटलं, तुम्हाला यायचं नसेल तर राहू द्या, मी एकटी जाते. सकाळी दारात हजर होते. पुढच्या दारात. घाईघाईत दाढी केल्यामुळे हनुवटी दोन ठिकाणी कापली होती.

धक्क्यावर तराफेवाल्यांना आयतीच करमणूक झाली. “काय रे मो, आज गिऱ्हाईक होऊन आलास?” एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, “मासे धरणारे पाणकावळे घरी ठेवून आज कुणाला फिरवतोयस?” मीच म्हटलं, “पाणकावळ्याने मासा गिळू नये म्हणून त्याच्या गळ्याला दोरी बांधता ना? माझा गळा बघून घ्या, मोकळा आहे.” हसले सगळे, पण या वेळी माझ्यावर नाही. काका तिकिटांच्या खिडकीत होते. “दोन?” त्यांनी विचारलं. “दोन. शेजारशेजारची,” मी म्हटलं.

श्याओमान, नदीच्या मधोमध गेल्यावर डोंगर वेगळेच दिसतात ग. धक्क्यावरून मला वाटायचं, सगळे एका रांगेत खांद्याला खांदा लावून उभे आहेत, पलीकडचं काही दिसू द्यायचं नाही असं ठरवून. नाव पुढे गेली तसे एकेक बाजूला होत गेले. मागे आणखी डोंगर, त्यांच्या मागे आणखी. मी मान वळवून वळवून बघत राहिले. लाओ मोंनी तीस वर्षं हे रोज पाहिलेलं, पण तेही माझ्याबरोबर बघत राहिले.

गुहेत एक मुलगी भोंगा घेऊन दगड दाखवत होती. “ही नवऱ्याची वाट बघणारी बाई.” मी विचारलं, “किती दिवस बघतेय?” “आजी, दगड झालीय ती बघून बघून,” ती म्हणाली. सगळ्यांनी त्या बाईचे फोटो काढले, मी नाही काढला. तेवढ्यात समोरून खतवाले छिन आले आणि लाओ मोंनी माझा हात पटकन सोडला.

मी म्हटलं, “हात द्या. पाय घसरतोय माझा.”

“घसरत नाहीये तुमचा.”

“माहीत आहे मला.”

त्यांनी हात दिला, तो बाहेर उजेडात येईपर्यंत सोडला नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं. ‘बाबा असतानापासूनच का?’ असं तू विचारलंस आणि मी फोन ठेवला. नाही, तेव्हापासून नाही. तेव्हा लाओ मो बाबांना पाठुंगळी घेऊन तराफ्यावर नेऊन बसवायचे. बाबा पाणकावळ्यांवर ओरडायचे, खूश व्हायचे. मी काठावर उभी असायचे आणि मनात एकच असायचं, आता दोन तास झोपायला मिळेल. बाबा गेल्यानंतर दुसऱ्या हिवाळ्यात ते मासा द्यायला आले, माझ्या हातचा, आलं-लसूण कुटून केलेला खारट तेलचहा प्यायले आणि म्हणाले, “मीठ जास्त पडलंय.” घरात चव सांगणारं माणूस आलं, याचं मला इतकं बरं वाटलं की मी दार लावून घेऊन रडले. सुरुवात म्हणशील तर ती. हे एकदाच सांगते आहे. पुन्हा विचारलंस तर उत्तर देणार नाही.

आम्ही गाव बघून आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी काकांनी लाओ मोंचा तराफा रांगेतून काढला. दोन दिवस लाओ मो पाणकावळ्यांच्या गळ्याच्या दोऱ्या नव्याने वळत बसले. मग पाणकावळे घेऊन पहाटे नदीवर जायला लागले. ते मासे आणतात, मी टोमॅटो आणि बिअर घालून शिजवते. तेच तराफेवाले दुपारी काकांकडे पाठ करून माझ्याकडे जेवायला बसतात. उपाशी नाही आम्ही.

आणि आता जे सांगण्यासाठी हे सगळं लिहिलं ते. काल आम्ही यांगशुओला जाऊन लग्नाची नोंदणी करून आलो. काकांच्या तोंडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, एवढंच मला हवं होतं. कचेरीतली मुलगी विचारत होती, “मुलांना माहीत आहे ना?” मी म्हटलं, “कळेल.” नवीन वर्षाच्या आदल्या संध्याकाळी जावयांना आणि बाळाला घेऊन ये. तुझ्या बाबांचा वाडगा नेहमीप्रमाणे आधी मांडेन, लाओ मोंनीच तसं बजावलंय. त्यांना काय हाक मारायची ते तुझं तू ठरव, नाही मारलीस तरी चालेल. पण ते टेबलाशीच बसतील, माझ्या शेजारी. मी परवानगी मागत नाहीये, पोरी. जेवायला बोलावते आहे.

तुझीच,
आई