कल्ले बघितले, एवढंच

जेद्दा, रविवार

इस्मत,

चाकाच्या खुर्चीत मी बसले नव्हते. फोटोत बसलेली दिसते ती मीच आहे, नाही कुठे म्हणते, पण ते बसणं नव्हे, टेकणं. अदनानने मरीन पार्कच्या गेटवरच ती खुर्ची आणलीन. म्हटलं, बाबा, तुझी आई अजून दोन हंडे घेऊन घाटी चढते, ही कुणासाठी? पण आणलेली वस्तू रिकामी कशी न्यायची, म्हणून मी तिच्यात पिशवी ठेवली आणि खुर्ची मीच ढकलत होते. मध्ये चपलेत खडा गेला, तो काढायला टेकले, आणि नेमका तेव्हाच धाकट्या नातीने, इफराने, फोटो काढलान आणि सगळ्या खानदानाला पाठवलान. तू विचारलं नाहीस हे खरं. पण तुझी सून विचारणार, म्हणून आधीच सांगून मोकळी होते.

वालेकुम सलाम. (सलाम तू घातला असशील असं धरून चालते.) तुझा गुडघा कसा आहे? तेल चोळतेस की नुसती बाटलीकडे बघतेस? भाईजींचा खोकला? माझी तब्येत अल्लाच्या मेहेरबानीने ठणठणीत आहे, साखर सोडून, आणि साखरेचं मी इकडे कुणाला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. पत्र लिहितेय कारण फोनवर बोललं की तुझी सून स्पीकर लावते आणि मग मी तुझ्याशी बोलतेय की पंचायतीसमोर उभी आहे तेच कळत नाही. हम्माद आहे ना, राबिघच्या रिफायनरीतला, तो सुट्टीवर गावी निघालाय. त्याच्या हातात देते. पाकीट डिंकाने चिकटवलंय आणि वरून सुईने टाकेही घातलेत. टाके उसवलेले दिसले तर हम्मादला धर.

आता तुझ्या निरोपाकडे येते. मी इकडे यायला निघाले तेव्हा तू ओटीवर बसून मला सांगितलंस, राहीलसाठी तुझी अफशाँ आम्हाला पसंत आहे, सगळं पसंत आहे, फक्त लग्नाआधी तेवढं पाण्यातलं काम सोडायला लाव. मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलं होतं. माझी नात बहिणीच्या नातवाला, याच्याहून मला काय पाहिजे? आणि काम काय ते मला तरी कुठे माहीत होतं. अदनान म्हणायचा मरीन पार्कमध्ये आहे. गावात कोणी म्हणे माशांना भरवते, कोणी म्हणे माशांबरोबर नाचते. (नाचते म्हणणारी कोण ते मला माहीत आहे.) म्हणून मी ठरवलं, आधी डोळ्याने बघायचं, मग घरी येताना गाडीत तिला तुझा निरोप सांगायचा, खलास.

शनिवारी सगळे निघालो. एका दिवसाची सहल, पण रुकय्याने, म्हणजे अदनानच्या बायकोने, सामान असं बांधलंन की वाटावं हजला निघालो. टोप्या, छत्र्या, ओले कागद, सुके कागद, उन्हाचं मलम. मी एक डबा घेतला, तळलेले बांगडे आणि भाकऱ्या. गेटवरच्या शिपायाने डबा उघडायला लावलान, आत बघितलंन, मग लांब काचेत फिरणाऱ्या माशांकडे बघितलंन, मग माझ्याकडे. मीही त्याच्याकडे बघितलं. डबा परत गाडीत गेला. बाहेरचं खाणं न्यायचं नाही असा नियम आहे म्हणे. असेल. पण तो ज्या नजरेने बघत होता तो नियम नव्हता.

अफशाँ सकाळीच पुढे गेली होती. जाताना तिने सगळ्यांना बसवून ताकीद दिलीन. तिची नोकरी अजून कच्ची आहे, आज ती पहिल्यांदा एकटी मोठ्या टाकीत उतरणार, आणि तिचा मुदीर, म्हणजे साहेब, आज बघून ठरवणार की ठेवायची की नाही. तेव्हा तुम्ही माझे लोक आहात हे कुणाला कळू द्यायचं नाही, हाक मारायची नाही, हात हलवायचा नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दादी, तू तर अजिबात नाही." मी म्हटलं, मी काय केलंय गो आजपर्यंत? तर सगळे एकदम आपापल्या चपला शोधायला लागले.

आत बघण्यासारखं आहे, ते मी नाकारत नाही. एवढी मोठी हेकरू मासळी मी मिरकरवाड्याच्या जेटीवरही बघितली नाही. काचेपलीकडून माझ्याकडे बघत होती, जशी काही मीच टाकीत आहे. मी सहज म्हटलं, हिचं डोकं वेगळं शिजवायला पाहिजे, तर इफरा कळवळून म्हणाली, "दादी, प्लीज, दे कॅन फील थिंग्ज." दहा वर्षांची पोरगी, आदल्या रात्री पापलेटची शेपटी कुरकुरीत झाली नाही म्हणून रुसली होती. डॉल्फिनचा खेळही झाला. ते उडी मारतात आणि लोक टाळ्या वाजवतात. आपल्या खाडीच्या तोंडाशी तेच डॉल्फिन रोज फुकट उड्या मारतात, त्यांना कोणी टाळी वाजवलेली ऐकली आहेस? जाळं फाडलं म्हणून शिव्या तेवढ्या खातात. पण मी गप्प बसले. टाळ्याही वाजवल्या. सगळे वाजवत होते, एकटी हात बांधून बसले असते तर अदनानला वाटलं असतं आईला बरं नाही, आणि परत ती खुर्ची आली असती.

आता जे झालं ते नीट सांगते, कारण इफराने ते इंग्रजीत सगळीकडे पसरवलंय आणि तिच्या सांगण्यात मी चोर ठरते. तिथे एक उथळ टाकी आहे, कमरेएवढ्या कठड्याची. पोरं हात घालून तारामासे, शिंपले चाचपतात. पाटी आहे, म्हणे एका बोटाने हलकेच हात लावा. पाटी अरबीत आणि इंग्रजीत. मला मराठी येते. त्या टाकीत कडेला एक तांबोशीसारखा मासा निपचित पडला होता. हलत नाही, डुलत नाही. मला वाटलं मेला. लेकराबाळांच्या पुढ्यात मेलेला मासा ठेवलाय आणि कुणाचं लक्ष नाही, हे मला कसं बघवेल? म्हणून मी हात घातला, त्याला उचलला, आणि अंगठ्याने कल्ले उघडून आत बघितलं. आता तूच सांग, दुसरं मी काय करणार होते? लहानपणापासून हातात मासा आला की अंगठा आपसूक कल्ल्यात जातो. लाल असले तर ताजा, काळपट असले तर ठेव खाली. तू तरी वेगळं केलं असतंस?

कल्ले लालभडक होते. मासा जिवंत होता. त्याने अशी शेपटी मारलीन की माझा चष्मा टाकीत, ओढणी भिजून चिंब, आणि बाजूच्या एका बाईच्या पर्सवर सगळं पाणी. मी मासा सोडला नाही. (सोडायला पाहिजे होता, ते आता कळतंय. पण निसटणारा मासा घट्ट धरायचा हे मला कुणी शिकवलेलं नाही, ते विसरायला मात्र कुणीतरी शिकवायला पाहिजे होतं.) पोरं किंचाळली. शिट्टी वाजली. दोन शिपाई आले, एकाने मासा घेतलान, दुसऱ्याने मला घेतलंन, म्हणजे हात नाही लावला, पण असा उभा राहिला की जायला वाट नाही. तो सगळ्यांकडे बघून खुणेने विचारायला लागला, या बाईबरोबर कोण आहे?

मी अदनानकडे बघितलं. अदनान छताकडे बघत होता. रुकय्या पिशवीत काहीतरी शोधत होती. त्यांची चूक नाही, मुलीची नोकरी होती, ताकीद दिलेली होती. मीही तोंड घट्ट मिटलं. म्हटलं, घेऊन जाऊ दे कुठे नेतात तिथे, पोरीचं नाव आपल्या तोंडून जायचं नाही. तेवढ्यात साहेब आला, उंच, पांढरा झगा, हातात वायरलेस, आणि त्याच्या मागून एक दार उघडलं आणि काळ्या रबरी कपड्यात आपली अफशाँ. एका पायात पोहायचा रबरी पंखा घातलेला, दुसरा हातात. फटक फटक करत सगळ्या गर्दीतून सरळ आली, माझ्या बाजूला उभी राहिली आणि माझा ओला हात धरलान. साहेबाला खणखणीत अरबीत म्हणाली, "हाझी जद्दती." म्हणजे ही माझी आजी. मग पुढे बरंच काही बोलली. मला एवढंच कळलं की ती माफी मागत होती, पण मान खाली घालून नव्हे.

साहेबाने तिच्याकडे बघितलंन, माझ्याकडे बघितलंन, माशाकडे बघितलंन. मग मला काहीतरी विचारलंन. अफशाँ म्हणाली, "दादी, सर विचारतायत, मासा कसा आहे?" मी म्हटलं, एकदम ताजा आहे, सांग त्याला, काळजी करू नको म्हणावं. तिने काय सांगितलंन अल्ला जाणे. साहेबाचा ओठ हलला, पण हसला नाही. घड्याळाकडे बोट दाखवलंन आणि म्हणाला, यल्ला, म्हणजे चल. पोरगी गेली. चष्मा मला एका शिपायाने जाळीने काढून दिलान.

मग आम्ही मोठ्या काचेपुढे पायऱ्यांवर बसलो. इस्मत, काच नव्हे गो, समुद्राची भिंत. अंधार, समोर निळं पाणी, आणि वरून ती उतरली. कपड्यांचं तुझ्या सुनेला सांग, नखापासून डोक्यापर्यंत झाकलेली. आपल्या गावात लग्नालाही कोणी एवढं झाकून येत नाही. दिसत होते ते डोळे, आणि तेही काचेआड. चपटी, लांब शेपटीची पाकटं आली, सुपाएवढी नव्हे, अंथरुणाएवढी. एक तर सरळ तिच्या तोंडावर पसरलं. माझा जीव गेला. तिने गोधडी बाजूला सारावी तसं हळूच त्याला सारलंन आणि पोटाखालून घास भरवलान. मुशी (इफरा त्यांना शार्क म्हणते) भोवती फिरत होत्या, त्यातली एक तिच्याहून लांब. एक कासव मागून येऊन तिच्या पायातला पंखा ओढत होतं, मला दे, मला दे. तिने त्याला थांब म्हणून बोट दाखवलंन, आणि ते थांबलं! माझी नात पाण्याच्या तळाशी उभी राहून कासवाला दटावते. मी श्वास धरून बसले होते ते रुकय्याने हलवलंन तेव्हा कळलं. पोरीकडे हवेची नळी होती, माझ्याकडे काहीच नव्हतं.

आपले बाबा होडीचे एवढे मोठे तांडेल, आणि आपल्याला कधी होडीला पाय लावू दिला का? बाईचा पाय लागला की मासळी पळते म्हणायचे. आपण वाळूत बसून मासे निवडायचे. दोघी समुद्राच्या उशाशी म्हाताऱ्या झालो आणि गुडघ्याच्या वर पाणी कसं असतं ते माहीत नाही. आणि ही आत उतरली, सगळी मासळी पळायची सोडून तिच्याकडे आली. शेवटी ती काचेजवळ आली, अरबांची पोरं हात चिकटवून उभी होती, सगळ्यांच्या हातावर पलीकडून हात टेकवलान. मग मला बघितलंन. हात हलवायचा नाही असं ठरलं होतं. तिनेच हलवलान. मी पण उभी राहिले आणि दोन्ही हात हलवले, आणि ओरडून बाजूच्या सगळ्यांना मराठीत सांगितलं की ही माझी आहे. कुणाला कळलं नसेल तर त्यांचं नशीब.

खेळ संपल्यावर साहेब अदनानकडे आला, हात मिळवलान आणि मबरूक म्हणाला, म्हणजे मुबारक. नोकरी पक्की झाली. माझ्याकडे बघून छातीवर हात ठेवलान. मग त्या उथळ टाकीजवळ एक शिपाई उभा केलान. तो आधीपासून असायचा की माझ्यामुळे आला, ते मी विचारलं नाही.

येताना गाडीत मी तिच्या बाजूला बसून तुझा निरोप सांगितला. शब्दाला शब्द, एकही गाळला नाही. तिने नीट ऐकून घेतलंन. तेव्हा माझ्यावर सोपवलेलं काम मी केलं आहे. भाईजींना सलाम, लहानांना दुवा. खजूर हम्मादकडे दिलेत.

तुझी मोठी बहीण,
जुबेदा

ता. क. – निरोप ऐकून तिने सीटचा पट्टा सैल केलान. मग म्हणाली, "दादी, तू सांगशील तर सोडते." खरंच सोडली असती. चेहऱ्यावर रागही नव्हता, त्याचंच मला जास्त वाटलं. आणि मी सांगितलं नाही. मी म्हटलं, उद्या ड्युटी किती वाजता आहे? मग आता डोळे मीट जरा. आज सकाळी पाच वाजता तिला चहा करून दिला आणि कामावर धाडली.

आणखी एक – सोयरीक मोडली असं मी म्हणत नाही, तूही म्हणू नकोस. मला तुझ्याकडून एकच पाहिजे. राहीलला त्याच्या स्वतःच्या तोंडाने अफशाँशी बोलू दे. त्याची आई नको, तू नको, मीही नको. त्याला पोहायला येत नसेल तर हरकत नाही. ती पाण्यातून वर येईल तेव्हा काठावर टॉवेल धरून उभा राहील का, एवढं त्याने सांगावं. राहणार असेल तर ईदनंतर मंगनी करू, मी स्वतः येऊन लाडू वळते. राहणार नसेल तर मला घाई नाही, आणि तिला तर त्याहून नाही.

तुझी सून चिडेल. तिला काय सांगायचं ते तुझं तू बघ. मी याच्यावर आता बोलणार नाही. काही म्हणजे काही नाही.