लांबू दोन पायांवर

४ जानेवारी

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

फोन बाबांच्या उशाशी, त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल काय बोलणार? म्हणून लिहितोय. ताई, बाबा चालायला लागले! अर्धांगाचा झटका आल्यापासून भिंतीकडे तोंड करून पडलेले आपले बाबा पलंगापासून माझ्या शिवणयंत्राजवळच्या खुर्चीपर्यंत काठी टेकत येतात. श्रेय आपल्या कुत्र्याचं, लांबूचं. उकडलेल्या अंड्याचा तुकडा नाकावर धरला की स्वारी मागच्या दोन पायांवर उभी राहते आणि बाबांच्या पुढे तुरूतुरू चालते. बाबा खुर्चीत टेकले की अंडं लांबूच्या तोंडात, त्याआधी खाली उतरायचं नाही! उरलेल्या कापडातून त्याला जाकीटसुद्धा शिवलंय. साहेब दिसतो अगदी.

बाबा बोलतात ते अजून कळत नाही, पण चेहरा बोलतो. तू जनावरांची डॉक्टर, तुला तरी कौतुक वाटेल. लोभ आहेच, थोडी शाबासकीही पाठव.

तुझा धाकटा

१३ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

बाबांचं वाचून डोळे भरले. पण अरे शहाण्या, उभं करायला दुसरं कुणी नाही मिळालं? लांब पाठ, आखूड पाय, अशा कुत्र्याला दोन पायांवर चालवणं म्हणजे दुखणं घरी बोलावणं. चार पायांनी वाटून घ्यायचं ओझं कंबरेवर आणि मागच्या गुडघ्यांवर येतं. सांधे झिजतात. मणक्यांमधली गादी सरकली, तर मागचे पाय लुळे पडतात, लघवीवरचा ताबा जातो. अशी कुत्री माझ्या टेबलावर येतात रे, आणि मालक प्रत्येक वेळी म्हणतो की त्याला आवडायचं. त्याला अंडं आवडतं, खेळ नाही!

उडी मारायला कचरतो का? पाठीला हात लावला की अंग चोरतो का? नीट बघून कळव आणि तोवर हा खेळ बंद ठेव. मला झोप लागत नाहीये. राग नसावा, माया आहे म्हणून बोलते.

तुझी ताई

२१ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू म्हणजे ना, राईचा पर्वत! हो, लांबू हल्ली पलंगावर उडी मारत नाही, उचलायला गेलं की गुरगुरतो. थंडीने असेल. पण बाबा? लांबू उभा राहिला रे राहिला की निघालेच! मध्ये दम खायलाही थांबत नाहीत. त्यांचे डॉक्टर म्हणाले, वेग छान वाढलाय, असंच चालू ठेवा.

खरं सांगू? मला भीती वाटते. खेळ बंद केला आणि बाबा पुन्हा भिंतीकडे वळले, तर मी एकटा काय करू? तिकडे बसून तुला ते नाही कळायचं. थोडे दिवस जाऊ दे, मग थांबवतो. रागावलीस तरी पत्र लिहीत जा.

तुझा धाकटा

२४ जानेवारी

चि. ताईस,
आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षराला हसू नकोस. शेजारच्या बाई पत्र टाकतील.

मी हौसेने घाई करत नाही. मी खुर्चीत बसेपर्यंत धाकटा लांबूला खाली उतरू देत नाही. त्याचे पाय लटपटतात, मला मागून दिसतं. म्हणून जीव खाऊन पाय ओढतो. काल पडता पडता वाचलो.

धाकट्याला सांगायला जातो तर तोंडातून भलतंच निघतं. त्याला वाटतं मी खूश आहे. टाळ्या वाजवतो बिचारा. लिहून त्याच्या हाती द्यायला जीव होत नाही. त्याला बोलू नकोस, माझ्यासाठीच करतो. पण हा खेळ थांबव. मी चालेन, त्याला शब्द दे. प्रकृतीला जप.

बाबा

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

तू फोनवर बाबांचं पत्र वाचून दाखवलंस. त्याच सकाळी लांबूचे मागचे पाय गेले होते. तू सांगितलंस तसं त्याला लगेच दवाखान्यात नेलं. गादी सरकलीय. पायाचं बोट चिमटलं तर अजून कळतं त्याला, म्हणून आशा आहे म्हणतात. औषध चालू आहे, पिंजऱ्यात निजवून ठेवलंय, अजिबात हलू द्यायचं नाही. उभा राहील की नाही, कुणी सांगत नाही. तू म्हणाली होतीस गं. मी ऐकलं नाही.

बाबा आज आपणहून उठले. किती हळू चालतात ते, ताई! मध्ये भिंतीला टेकले, पुन्हा निघाले. खुर्चीकडे गेलेच नाहीत. पिंजऱ्यापाशी थांबले आणि काहीतरी बोलले. नेहमीसारखंच, एक अक्षर कळलं नाही. मी नेहमीसारखं हो हो म्हणणार होतो. पण आज यंत्र थांबवलं, जवळ जाऊन बसलो आणि पुन्हा पुन्हा विचारत राहिलो, कळेपर्यंत.

लांबूला विचारत होते, फार दुखतंय का रे.

सुट्टी मिळाली की ये. लोभ ठेव म्हणायला तोंड नाही, तरी ठेव.

तुझा धाकटा