रिकाम्या खुर्चीचा चार्ज

२ मार्च, सोमवार
पोहोचले एकदाची सोलापुरात! स्टेशनवर कॉलेजचा ड्रायव्हर पाटी घेऊन उभा होता : ‘डॉ. देवयानी म्याडम, पुणे’. ‘म्याडम’ वाचून इतकी हसले की त्यालाही हसू आलं. गेस्ट हाऊस स्वच्छ आहे, एसी चालतो, जेवणात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. जेवण उत्तम, हे मान्य करते. बाकी मान्य करण्यासारखं इथे फार काही सापडेल असं वाटत नाही.

काम सोपं आहे. एमबीबीएस होऊन पुढच्या शिक्षणासाठी आलेल्या नव्या रेसिडेंट डॉक्टरांचं ओरिएंटेशन आखायचं, घ्यायचं आणि शेवटी ते कितपत उपयोगी पडलं याचं मूल्यमापन करून अहवाल द्यायचा. आजवर इथे दीपप्रज्वलन, अध्यक्षांचं भाषण, शाल-श्रीफळ आणि उपमा एवढ्यालाच ओरिएंटेशन म्हणत. मुलं उपमा खाऊन थेट वॉर्डात, मग पेशंटचं नशीब.

शनिवारचं परतीचं तिकीट काढून ठेवलंय. रविवारी माझ्या लेकीचा, मुक्ताचा वाढदिवस. पाच वर्षांची होईल. केक मी स्वतः करणार असं कबूल करून बसलेय.

३ मार्च
आज दिग्विजय भेटला. मेडिसिनचा सिनियर रेसिडेंट, सांगोल्याचा, आडदांड, नम्र. मी कार्यक्रम वाचून दाखवला. त्याने सगळ्याला मान डोलावली आणि मग विचारलं, खुर्चीचं कधी ठेवलंय?

कसली खुर्ची? तर पुरुषांच्या वॉर्डात खिडकीजवळ रेसिडेंटच्या टेबलाशी एक लाकडी खुर्ची आहे. काही वर्षांपूर्वी सिद्धाप्पा नावाचा रेसिडेंट तिच्यावर बसल्या बसल्या गेला. त्याला सोडवायला येणारा आलाच नाही, आणि हा दिवसामागून दिवस ड्यूटी करत राहिला. कोणी घरी जा म्हटलं की म्हणायचा, पुढचा आला की जातो. तेव्हापासून बॅचमधल्या सगळ्यात नव्या रेसिडेंटने पहिल्या दिवशी त्या खुर्चीपुढे उभं राहून सांगायचं : सर, काही बाकी नाही, तुम्ही जा. म्हणे तेवढ्याने तो वर्षभर निघून जातो, नवी बॅच आली की पुन्हा येऊन बसतो. एवढंच म्हणायचं, चार्ज घेतला असं चुकूनही म्हणायचं नाही.

वैद्यकीय पदव्या घेतलेली माणसं फर्निचरशी बोलतात! मी ते तिथल्या तिथे रद्द केलं. त्याने एकदाच विनवलं, “मॅडम, एवढं राहू द्या की. लई वेळ लागत न्हाय.”

मी म्हटलं, वेळेचा नाही, अकलेचा प्रश्न आहे. अहवालात पहिली शिफारस हीच : ती खुर्ची वॉर्डातून हलवावी.

४ मार्च
दीपप्रज्वलन बंद केल्यामुळे अध्यक्ष रुसले आणि चहा न घेता गेले. पूर्वचाचणीचे निकाल भीषण. मृत्यूचा दाखला कसा भरायचा हे एकालाही धड येत नाही. अपेक्षा नावाची वैरागची मुलगी बॅचमधली सगळ्यात नवी, कालच रुजू झालेली. तीच त्यातल्या त्यात हुशार. जे सांगावं ते शब्दशः टिपून घेते. असे विद्यार्थी मिळाले तर मी या गावालाही माणसात आणीन.

५ मार्च
आज हँडओव्हर शिकवला. ड्यूटी संपवणाऱ्याने येणाऱ्याला एकेक पेशंट आणि उरलेली कामं समजावून द्यायची. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं : समोरचा ‘घेतला’ म्हणत नाही, तोवर तुमची ड्यूटी संपत नाही.

मग प्रात्यक्षिक. सगळ्यांना मुद्दाम त्याच वॉर्डात नेलं. दिग्विजयला खुर्चीत बसून जाणाऱ्या डॉक्टरचं काम करायला सांगितलं, तर बसेना. मुलांसमोर! माझं डोकं फिरलं. मी रिकाम्या खुर्चीपुढे उभी राहिले आणि म्हटलं, “बोला डॉक्टर, काय काय बाकी आहे? बरं. घेतला मी चार्ज. जा आता तुम्ही.”

मुलं खळखळून हसली. दिग्विजय हसला नाही. खुर्ची किंचित करकरली, म्हणजे कोणी उठल्यावर करकरते तशी. जुनं लाकूड, दुसरं काय. वर मी मुलांना तंबी दिली : हँडओव्हर जिवंत माणसाशी होतो, रिकाम्या खुर्चीशी बोलायचं नसतं. अपेक्षाने टिपून घेतलं.

६ मार्च
सकाळी अंतिम चाचणी घेतली, शिफारशींसह अहवाल कार्यालयात दिला, निकाल ते जोडतील. मग निरीक्षणासाठी वॉर्डात गेले, दुपारभर तिथेच राहिले. पाय दुखले म्हणून त्या खुर्चीत बसले. सिस्टर सुंदरम्मा आल्या आणि मला विचारलं, खिडकीजवळच्या आजोबांच्या सलाईनचं काय करायचं. खिडकीजवळची खाट रिकामी आहे. मी म्हटलं, हळू करा, छातीत पाणी आहे. हे मला कसं माहीत? सुंदरम्मांना नंतर विचारलं, तर त्या म्हणतात आज मी तुमच्याशी बोललेच नाही.

उष्णता. या गावात मार्चमध्येच मेंदू शिजतो.

७ मार्च, शनिवार
गाडी चुकली. चुकली म्हणजे – रिक्षात बसले, बॅग मांडीवर होती, स्टेशनची कमान दिसली. उतरले ती वॉर्डात. पुन्हा निघाले. पुन्हा वॉर्ड. हातात तिकीट, समोर ते टेबल.

अमृतला फोन केला. माझा नवराच चिडला माझ्यावर. म्हणे, सकाळीच तर तू सांगितलंस, पुढचा आला की निघते. मी असं म्हणाले नाही. मी असलं गावंढळ बोलत नाही.

८ मार्च
मुक्ताचा वाढदिवस. फोन लागतो, मी बोलते, ती नुसती हॅलो हॅलो करते.

दिग्विजय आला. त्याला अजून मी दिसते, पण नीट माझ्याकडे बघत नाही. म्हणाला, सर गेले मॅडम, चार्ज तुम्हीच घेतला. सोड मला, म्हटलं. सांगोल्याच्या या दगडापुढे मी हात जोडले. त्याचे डोळे भरले. जुन्याचं चालत नाही म्हणाला. सगळ्यात नव्याने म्हणायचं असतं.

अपेक्षा. अपेक्षा म्हणेल. एक वाक्य तर आहे.

तारीख –
आजोबांचं पाणी काढायचं राहिलंय. कोपऱ्यातल्याचा रिपोर्ट आला नाही. यातलं कोणीच खाटेवर नाही आणि सगळे मला हाका मारतात –

दिग्विजय तिला घेऊन आला. मी खुर्चीतून ओरडत होते. ती माझ्या आरपार खिडकीकडे बघत होती. त्याने किती विनवलं तिला. ती शांतपणे म्हणाली, “सर, मॅडमनी शिकवलंय की. रिकाम्या खुर्चीशी बोलायचं न्हाय.”

किती छान शिकवलं मी. मूर्ख. मूर्ख मुलगी. नाही – मूर्ख –

– नंतर
दिग्विजयलाही आता दिसत नाही मी. टेबलापाशी उभा राहून मोबाईलवर वाचत होता, अंतिम चाचणीत सगळे पास. ओरिएंटेशन अत्यंत यशस्वी. अध्यक्षांनी अहवाल मंजूर केलाय, शिफारशींसकट –

शिफारशी –

– 
दोन माणसं आलीत. खुर्ची न्यायला. दिग्विजय मध्ये पडला, त्याला बाजूला केलं. ही गेली तर पुढच्या वर्षीचा नवा कोणापुढे उभा राहून म्हणणार, तुम्ही जा –

उचलली. दारातून बाहेर गेली. मी अजून बसलेय. कशावर बसलेय –

मुक्ता, केक – थोडं थांब, राणी. पुढचा आला की मी लगेच नि