भाच्याच्या दाढीवर प्रायमर

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. प्रत्यक्षात आठापैकी पाच अंगं वाकतात, उरलेली तीन वाकवायची नाहीत असं डॉक्टरांनी बजावलंय.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला, की अजून मुक्कामाला आहे? इकडे सगळं ठीक. तुझी भावजयही मजेत आहे, फक्त गेला दीड महिना तिच्या ड्रेसिंग टेबलाचा आरसा माझ्या ताब्यात असल्यामुळे ती माझ्याशी जेवणापुरतंच बोलते. असं का, ते पुढे येईलच.

मागच्या पत्रात तू ताकीद दिली होतीस की पुन्हा लिहिशील तर त्याचं नावसुद्धा दिसता कामा नये. मी तुझा शब्द कधी मोडलाय? (सायकलचं सोड, ते जुनं झालं.) म्हणून आधीच सांगतो, या पत्रात तुझ्या मुलाचं नाव कुठेही सापडणार नाही. मी सगळीकडे टिल्लू लिहिणार आहे आणि टिल्लू हे काही नाव नव्हे, सहा फूट उंचीच्या सव्वीस वर्षांच्या माणसाचं तर नव्हेच. शिवाय हे पत्र त्याच्याबद्दल नाहीच मुळी, माझ्या धंद्याबद्दल आहे. आठ महिन्यांपूर्वी थिएटरबाहेरच्या जाहिरातीत आपला मुलगा लांब झगा घालून, ओठ रंगवून, कमरेवर हात ठेवून उभा असलेला पाहिलास आणि घराचं दार लावून घेतलंस. तो बॅग घेऊन माझ्याकडे आला. इथवर तुला ठाऊक आहे. त्याची मंडळी महिनाअखेर सात महिन्यांच्या दौऱ्यावर निघते आहे, हे तुला ठाऊक नसेल. (हे सहज सांगितलं. ओघात आलं म्हणून.)

तर मंडळी सात जणांची. सगळे पुरुष, सगळे स्टेजवर बायका होतात, गातात, नाचतात, समोरच्यांची यथेच्छ टर उडवतात आणि लोक हसून हसून खुर्चीतून घसरतात. दिवसा यातला एक जण दातांच्या डॉक्टरकडे कामाला असतो, एक शाळेत गणित शिकवतो, टिल्लू चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो. सात आठवड्यांपूर्वी तालमीला जाताना टिल्लू टाचेच्या बुटांसकट जिन्यावरून खाली आला. बुटांना काही झालं नाही, उजवं मनगट मोडलं. नव्या खेळाचा पहिला प्रयोग अठरा दिवसांवर. प्लास्टरमध्ये नाचता येतं, गाताही येतं, पण तोंड रंगवता येत नाही. डाव्या हाताने त्याने डोळ्याची रेघ ओढून पाहिली, ती कानापाशी जाऊन थांबली. बाकीच्या सहा जणांना मिळून एक खोली आणि दोन आरसे, प्रत्येकाला स्वतःच्या तोंडाचे दोन तास लागतात, ते याच्याकडे कुठून बघणार? दोन दिवस पठ्ठ्या भिंतीकडे तोंड करून पडून होता. तिसऱ्या दिवशी त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बाबा रे, मी गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारा माणूस, तीस वर्षं पत्रे ठोकतोय. तर म्हणतो कसा, "मामा, तेच तर हवंय!"

आणि ताई, खरोखर तेच निघालं गं. दाढी कितीही घोटून केली तरी कातडीखाली निळसर झाक राहतेच. तिच्यावर थेट अंगाच्या रंगाचा लेप दिला की माणूस आजारी दिसतो. म्हणून आधी तिथे नारिंगी रंगाचा हात द्यायचा, निळं मरतं, मग वर लेप. टिल्लू हे मला मोठं गुपित असल्यासारखं सांगत होता. मी म्हटलं, अरे, गंजलेल्या पत्र्यावर आम्ही आधी तांबडा प्रायमर मारतो तो काय हौस म्हणून? भुवयांचंही तसंच. शाळेतली पोरं वापरतात ती गोंदाची कांडी घ्यायची, भुवईचे केस वरच्या दिशेने चोपून बसवायचे, वाळू द्यायचे, पुन्हा गोंद, असे तीन थर, मग पावडर, मग रंग. भुवई गायब! पुट्टीच म्हण ना. (भुवया नसलेला टिल्लू मात्र उकडलेल्या बटाट्यासारखा दिसतो. त्या अवस्थेत तो गंभीर बोलायला लागला की मी खोलीबाहेर जातो.) मग बोटभर वर नवी भुवई काढायची, म्हणजे डोळे मोठे दिसतात. एकच गोष्ट माझ्या पचनी पडेना. जन्मभर मी खड्डे बुजवले आणि इथे भाचा म्हणतो, मामा, गालाला खड्डा पाड. म्हणजे हाडाखाली गडद रंग, हाडावर उजळ आणि मधली रेघ दिसू न देता दोन्ही एकमेकांत उतरवायचे. रंगात रंग उतरवण्यात मात्र या गावात माझा हात धरणारा कोणी नाही, हे तूही मान्य करशील.

चुका झाल्या नाहीत असं नाही. डोळ्याच्या कडेची रेघ सरळ यावी म्हणून मी गॅरेजमधली टेप लावली, चांगल्यातली. काढताना तिच्याबरोबर टिल्लूच्या पापणीचे निम्मे केस आले आणि टिल्लूने असा काही सूर लावला की दोन घरं सोडून कुत्रं भुंकायला लागलं. पावडर सारखी बसावी म्हणून एकदा मी ती स्प्रेगनमध्ये भरली. टिल्लूच्या तोंडावर फार सुंदर बसली. तशीच पलंगावर, पडद्यांवर, छतावरच्या पंख्यावर आणि तुझ्या भावजयीवरही बसली. (आरशाचं भांडण तिथून सुरू झालं. रंग तिच्या कातडीशी जुळलासुद्धा नव्हता, हे मी बोलायला नको होतं.)

मग मी ठरवलं की सराव स्वतःच्या तोंडावर करायचा. आमच्या धंद्यात फरक दाखवायचा असेल तर बॉनेट अर्धंच पॉलिश करतात, म्हणून मीही तोंड अर्धंच केलं. उजव्या अर्ध्यावर बाई, डाव्यावर मी. (त्यासाठी अर्धी मिशी काढावी लागली. त्यावर घरात जे बोललं गेलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.) दीड तास खपून मी उजव्या डोळ्याची खोटी पापणी चिकटवत होतो, तोच बाहेर हॉर्न वाजला आणि हॉर्न वाजला की माझे पाय आपोआप चालू लागतात. गॅरेजच्या दारात शाळेच्या मुख्याध्यापिका उभ्या होत्या, करड्या गाडीचा दरवाजा चेपलेला. त्यांनी वही तपासावी तसं माझं तोंड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासलं. मी आपला चेपलेल्या पत्र्याबद्दल बोलतोय, गुरुवारी गाडी मिळेल म्हणतोय, आणि मनात म्हणतोय की बाई आज फारच रोखून बघतायत. चावी माझ्या हातात देऊन त्या वळल्या, थांबल्या आणि म्हणाल्या, "उजवी बाजू छान झालीय. डावीचं काम कधी धरणार?" तेव्हा कुठे मला आठवलं. तीस वर्षांत माझ्या कामाला कोणी आपणहून छान म्हटलेलं नव्हतं ताई, खोटं कशाला बोलू, दिवसभर मी हवेत होतो.

आता मुद्द्याचं. (हे पत्र माझ्या धंद्याबद्दल आहे, हे लक्षात ठेवून वाच.) पहिल्या प्रयोगाच्या दिवशी दुपारी मी टिल्लूला रंगवायला बसलो. सगळं रीतसर केलं. जबडा गडद करून लहान केला, नाक चिंचोळं केलं, ओठ भरले. झालेला चेहरा सुबक होता, पण दुकानाच्या काचेतल्या पुतळ्याचा वाटत होता, कुणाचाच नाही असा. टिल्लूने आरशात पाहिलं आणि पुसायचा कापूस माझ्यापुढे सरकवला, म्हणजे त्यालाही तसंच वाटलं. अडीच तास उरले होते. तो म्हणाला, पूस मामा, पुन्हा कर, आणि या वेळी नियम सोड, एखादी खरी बाई डोळ्यांसमोर आण आणि तिला काढ. मी पुसलं आणि पुन्हा सुरू केलं. कोण बाई, असा विचारही केला नाही बघ. हात आपला चालत गेला. जबडा लहान करावासा वाटला नाही, आपल्या घराण्याचा रुंद जबडा आहे, राहू दे म्हटलं. भुवया काढताना डावी जरा वर गेली, ती तशीच बरी वाटली. ओठांचे कोपरे मी दाबून धरले, हसू आवरल्यासारखे. विग बसवला, केस कानामागे सारले आणि खुर्ची आरशाकडे वळवली.

टिल्लूने आरशाजवळ वाकून डोळ्यांची उघडझाप केली. मला वाटलं पापणीचा डिंक डोळ्यात गेला. मग तो हळूच म्हणाला, "मामा, ही आई आहे."

मी पाहिलं तर तूच होतीस. तिशीतली तू, माझ्या शाळेचं प्रगतिपुस्तक हातात घेऊन आधी भुवई उंचावणारी आणि मग हसू दाबणारी. मला बायकांचे चेहरे येत नाहीत गं, एकच पाठ आहे आणि तो कुणाचा ते मलाही त्या दिवशीच कळलं. आई गेल्यावर मला तूच वाढवलंस, हे मी तुला तोंडावर कधी बोललो नाही, पत्रात लिहितोय. टिल्लू पुढे म्हणाला, "आणि ही रागावलेली नाहीये." एवढं बोलला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ओरडलो, खबरदार, रडायचं नाही, दुसरा हात द्यायला वेळ नाही! आणि वर्तमानपत्राने त्याला वारा घालायला लागलो. वारा घालताना मीच रडत होतो. माझ्या तोंडाला रंग नव्हता, मला परवानगी होती.

प्रयोगाचं काय सांगू? टिल्लू स्टेजवर आला, नाकावरचा तुझ्यासारखा चष्मा वर ढकलला, पहिल्या रांगेतल्या एका जाड्या माणसाकडे पाहिलं आणि नुसतं "हो का?" म्हणाला. तुझं "हो का?" अगदी जसंच्या तसं. सगळं थिएटर हसलं. त्यात कुचेष्टा नव्हती ताई, मी कान देऊन ऐकत होतो, असती तर मी उठलो असतो. लोकांना ती बाई आवडली होती. माझ्या शेजारची एक आजी म्हणाली की असं कोणीतरी आमच्या घरात हवं होतं. मी म्हणणार होतो, आमच्या घरात आहे, पण सध्या ती बोलत नाही.

असो. धंद्याबद्दल म्हणून सुरुवात केली आणि पत्र लांबलं. कुणावर दबाव आणावा असा माझा स्वभाव नाही, तेव्हा मी काहीही सुचवत नाहीये. गुडघ्यांना शेक घेत जा. भाऊजींना नमस्कार आणि खोकल्याला रजा द्यायला सांग.

तुझा,
धाकटा (सध्या बिनमिशीचा)

ता. क. १ : प्लास्टर निघून बारा दिवस झाले, हे वर लिहायचं राहिलं. मनगट ठणठणीत आहे. टिल्लू आता स्वतःचं तोंड स्वतः रंगवू शकतो, माझ्यापेक्षा बरंच. तरी दर रविवारी दुपारी तो माझ्यासमोर खुर्ची ओढून बसतो आणि डोळे मिटतो. मीही विचारत नाही.

ता. क. २ : एका गोष्टीवरून आमची रोज जुंपते, ती तेवढी मिटवून टाक. तुझ्या गालावरचा तीळ. टिल्लू म्हणतो डाव्या गालावर, मी म्हणतो उजव्या. मी समोर बसून काढतो, तो आरशात बघून भांडतो, त्यामुळे डावं कुठलं नि उजवं कुठलं हेच आता दोघांना कळेनासं झालंय. तीन प्रयोग डावीकडे झाले, दोन उजवीकडे. तुझ्या भावजयीला विचारलं तर ती म्हणते हनुवटीवर. पत्राने कळवू नकोस, फोटोही पाठवू नकोस, आम्ही दोघंही हट्टी, मानणार नाही. येत्या रविवारी संध्याकाळी सहाला इथला शेवटचा प्रयोग आहे. चार वाजता थिएटरच्या मागच्या दाराने ये, डावीकडची दुसरी खोली. तो खुर्चीत डोळे मिटून बसलेला असेल. बाकी सगळं मी उरकून ठेवतो, तीळ तेवढा तू तुझ्या हाताने लाव.